घरचं वाहन धरत नाहीत

मला खोली भाड्यानं देण्याआधी अण्णांनी मला तीन दिवस मोजलं. अक्षरशः मोजलं. मी साताऱ्याहून येऊन सांगलीत मावशीकडे उतरले होते आणि कंप्युटर क्लाससाठी जागा शोधत त्यांच्या दारावरून जात-येत होते. चौथ्या दिवशी फाटकाआडच्या घडीच्या खुर्चीवरून आवाज आला, "बाई, सोमवारपास्नं अकरा खेपा झाल्या तुमच्या. सात जाताना, चार येताना. तीन टायमाला परत कुठनं गेला?"

"रिक्षानं. मागच्या गल्लीतनं," मी म्हटलं. खरं तर "तुम्हाला काय करायचंय?" असं तोंडावर आलं होतं, पण जागा हवी होती.

"तरीच," असं म्हणून त्यांनी मांडीवरच्या वहीत काहीतरी दुरुस्त केलं आणि मगच पुढच्या खोलीचं कुलूप उघडलं.

अण्णा बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. रस्त्यावरून किती वाहनं जातात याची खातं मधूनमधून सात-सात दिवस मोजणी करतं, त्या मोजणीवर हा माणूस तीस वर्षं बसला. सातारा ते सांगली रस्त्यावरचा एक नाका त्यांनी सोडला नाही. एक गाडी, एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. ट्रक वेगळा, यष्टी वेगळी, सायकल वेगळी, बैलगाडी वेगळी. कधी कधी गाडी थांबवून दोन प्रश्न विचारायचे असत: कुठनं आला, कुठं निघाला. नोकरी संपली, पण हे दोन प्रश्न काही सुटले नाहीत. पोस्टमनला विचारायचे, भाजीवालीला विचारायचे. एकदा तर घरी सत्यनारायण सांगायला आलेल्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, "अहो, तुमच्याकडंच आलोय." अण्णांनी शांतपणे लिहून घेतलं.

माणसांचीही त्यांनी वर्गवारी केली होती. समोरच्या घरातले मिलिटरीतून आलेले सुभेदार म्हणजे 'अवजड'. काकू, म्हणजे अण्णांची बायको, 'प्रवासी वाहतूक', कारण त्यांच्याबरोबर नेहमी चार बायका असायच्या. मी कोण, असं मी एकदा विचारलं. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "हलकं वाहन. वेग जास्ती. हॉर्न लय मोठा." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात!

काकूंची स्वतःची तक्रार त्याहून जुनी होती. लग्नाची वरात पेठ नाक्यावरून चालली होती. नेमकी तेव्हा मोजणी सुरू होती आणि अण्णांच्या जागी दुसरा माणूस बसलेला. त्यानं वरातीच्या ट्रकची रेघ मारली. नवरदेव मुंडावळ्या बांधलेल्या स्थितीत ट्रकमधून खाली उतरले, नाक्यावर गेले आणि ती रेघ खोडायला लावून परत आले. मोजणाऱ्याच्या घरचं किंवा खात्याचं वाहन धरायचं नाही, असा नियम होता म्हणे. "आवं बाई, मी ट्रकात नवी नवरी बसल्याली," काकू सांगायच्या, "आन ह्येनी मला गणतीतनंच काडून टाकली!"

"नियम हाय त्यो," अण्णा म्हणायचे. "घरचं वाहन धरत न्हाईत."

आता बैलाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आष्ट्याच्या अलीकडच्या एका गावात अण्णांची ड्यूटी होती. गावकऱ्यांना कुणीतरी सांगितलं की मोजणी जास्त भरली तर रस्ता रुंद होतो. झालं! पहिल्या दिवशी ऐंशी बैलगाड्या, दुसऱ्या दिवशी दोनशे. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या लक्षात आलं की समोरून जाणाऱ्या पांढऱ्या बैलाचं डावं शिंग मोडलेलं आहे, आणि सकाळपासून हे मोडकं शिंग आपण सहा वेळा पाहिलं आहे. गावानं अकरा गाड्या लावल्या होत्या आणि उसाच्या फडामागून वळसा घालून त्याच त्याच गाड्या नाक्यावरून फिरवत होते. अण्णांनी तोवरच्या बैलगाड्यांच्या सगळ्या रेघा काट मारून खोडल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द लिहिले: 'बैल तोच.' रस्ता रुंद झाला नाही. त्या गावानं त्यांना उरलेले चार दिवस प्यायला पाणी दिलं नाही. हे सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर शौर्यपदक मिळाल्याचा भाव असे.

तेव्हापासून ते दोन शब्द घरात रुजले. काकूंनी सलग दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी केली की ताटाकडे बघून अण्णा म्हणायचे, "बैल तोच."

इंटरनेट त्या वेळी सांगलीत नवीन होतं. माझ्याकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून अण्णांच्या घरातल्या फोनची तार भिंतीला भोक पाडून माझ्या कंप्युटरला आणली होती. इंटरनेट चालू असलं की फोन बंद, फोन चालू असला की इंटरनेट बंद. त्या तारेवर माझे निम्मे विद्यार्थी अवलंबून होते. एके दिवशी मी वर्गात सांगत होते की वेबसाइटवर जी माणसं येतात, त्यांना ट्रॅफिक म्हणतात. दारातून अण्णा तांब्या घेऊन चालले होते. ते जागच्या जागी थांबले.

"ट्रॅफिक? मोजतं कोण?"

"कुणी नाही, अण्णा. ज्याचं त्यानं मोजायचं."

"कुणी न्हाई?" त्यांचा आवाज चढला. "एवढी रहदारी चाललीया आन नाक्याला मानूस न्हाई?"

पुढच्या आठवड्यात अण्णांची वेबसाइट निघाली. फुकट पान देणाऱ्या एका परदेशी ठिकाणी मी ती करून दिली. विषय अर्थातच सातारा ते सांगली रस्ता. मराठीत ते सांगत आणि मी इंग्रजी करत असे. 'कऱ्हाडच्या पुढं डाव्या हाताला चिंच आहे. सावली दुपारी दोनपर्यंत. नंतर सावली पलीकडच्या बाजूला जाते, त्याला खातं काही करू शकत नाही.' पत्ता छापलेली पोस्टकार्डं त्यांनी यच्चयावत नातेवाइकांना धाडली. त्यातल्या निम्म्यांनी कंप्युटर बघितलाही नव्हता.

मग मीच एक नस्ती कल्पना काढली. अमेरिकेतल्या काही दुकानांची अशी सोय होती की त्यांच्या मालाचं चित्र आपल्या पानावर लावायचं. आपल्या पानावरून जाऊन कुणी माल घेतला तर दुकानदार आपल्याला वाटा देतो. अण्णांनी सगळी दुकानं नाकारली आणि शेवटी घडीच्या खुर्च्या विकणारं एक दुकान पसंत केलं. शिफारस त्यांनी स्वतः सांगितली: 'खुर्ची चांगली दिसते. मी बसलेलो नाही.'

"अण्णा, असं लिहिलं तर कोण घेणार?"

"बसलो न्हाई तर बसलो म्हनू?" ते म्हणाले. "आन वाट्याचं ऱ्हाऊ द्या ओ. तीस वरसं मी लोकं मोजली, बाई. ज्येला जिकडं जायचं तिकडं त्यो गेला. माज्या सांगण्यावरनं कुणी एक जन कदी वळला न्हाई. एक वळला तरी बास हाय."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला थट्टा करता येईना.

पण वळला की नाही हे कळणार कसं? त्यासाठी मोजणारं काहीतरी हवं, आणि तेही फुकट. इथून आमच्या घरात युद्ध सुरू झालं. कारण दर रविवारी क्लासला सुट्टी, कंप्युटर मोकळा, म्हणून अण्णा सकाळी साडेआठला जे बसत ते साडेदहापर्यंत उठत नसत. फोन तोवर बंद. आणि काकूंच्या एकुलत्या एका लेकीचा फोन यायचा तो नेमका रविवारी सकाळी. लेक विट्याच्या घरात दिलेली. जावयाचं सोनं गाळायचं दुकान पार दक्षिणेत, तामिळ मुलखात. दुकान आणि घर सांभाळून तिला तेवढाच वेळ मिळायचा.

"पोरीचा फोन लागत न्हाई," काकू म्हणायच्या.

"दुपारी कर म्हनावं," अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे.

शेवटी काकूंनी कंबर कसली. पाडव्याला तेव्हा तीन महिने होते. "पाडव्यापत्तुर एक परका मानूस," त्यांनी बोट वर केलं, "निस्ता एक, तुमच्या सांगण्यावरनं त्या खुर्चीकडं वळला, तर ऱ्हाऊ दे तुमची तार. न्हाई तर पाडव्याला मी सोता काडनार. मग फोन माजा."

अण्णा म्हणाले, "मंजूर." मला कुणी विचारलंच नाही! तार गेली तर माझा क्लास बसणार होता, आणि या दोघांनी आपापसात पैज लावून मोकळं व्हावं!

मी ताबडतोब पहिला काउंटर बसवला. पानाच्या तळाशी आकडे फिरायचे, दिसायला झकास. सुरुवात कितीपासून करायची, असं तो विचारायचा. मी आपली पाच हजारापासून केली.

"ह्ये काय?"

"बरं दिसतं, अण्णा. सगळे करतात."

"गाडी याच्या आदी रेघ?" अण्णांना घाम फुटला. "आमच्या खात्यात निलंबन हुतं ह्येला!" शून्य करायला लावलं तेव्हाच जेवले.

चार दिवसांत शून्याचे नऊ झाले. अण्णांचा चेहरा उतरला. ही बातमी सुभेदारांच्या कानावर गेली. आमच्या गल्लीची एक रीत होती. कुणाचं काही नवं निघालं, मग ते दुकान असो नाहीतर कूपनलिका, घरटी एकानं जाऊन हात लावून यायचं. अण्णांच्या वेबसाइटला हात लावायचा राहिला होता, हे गल्लीला फार लागलं. संध्याकाळी अण्णा फिरायला गेले की सुभेदार माझ्या दारात माणसांची रांग लावायला लागले.

"एक एक करके! बटन दबाव, आगे बढो! वैनी, तुमी दोनदा दाबलं, लाइन में वापस जाव!"

प्रत्येकानं पान पुन्हा उघडायचं बटण दाबायचं, आकडा एकानं वाढायचा, पुढच्यानं यायचं. आष्ट्याहून सुभेदारांचे पाहुणे आले, त्यांनीही दाबलं. "आमी पन लावतो की हात, पुन्य लागंल," म्हणत एका म्हातारीनं दाबून वर नमस्कार केला. मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं. क्लास माझा होता.

आठवड्यात आकडा चौदाशेवर गेला. अण्णांनी मला साताऱ्याहून कंदी पेढे मागवायला लावले आणि गल्लीभर वाटले. गल्लीनंही काहीच माहीत नसल्यासारखं खाल्ले. पण पेढे वाटल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी पेढा तोंडात असतानाच अण्णा थांबले. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा एकच होता. वाढ सगळी सहा ते सातमध्ये.

"बाई, मी फिराय जातो तवाच जगाला सवड मिळती व्हय?"

अण्णांनी हातातला अर्धा पेढा खाली ठेवला. "बैल तोच," ते म्हणाले. सुभेदारांशी ते पंधरा दिवस बोलले नाहीत, आणि मला पोस्टमनसारखं 'कुठनं, कुठं' विचारायला लागले.

दुसरा काउंटरही फुकट होता, फक्त मोबदल्यात स्वतःची जाहिरात आपल्या पानावर लावायचा. 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' असं इंग्रजीत उघडझाप करायचा. मी बाजारात गेले असताना अण्णांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मी परत येईतो काकूंनी शिरा केला होता आणि देवापुढे दिवा लावलेला. काय जिंकलं, ते दोघांनाही माहीत नव्हतं. वर या काउंटरचा दिवस अमेरिकेच्या घड्याळानं बदलायचा, म्हणजे आपल्या सकाळी साडेदहाला. "ज्येची मध्यान्रात आपल्या अंगोळीच्या टायमाला हुती, त्येच्या रेघंवर मी इस्वास ठेवू?" अण्णा म्हणाले. तोही गेला. शिरा मात्र संपवला.

तिसरा सापडला तो मात्र अण्णांच्याच जातकुळीचा निघाला. पानावर बोटाएवढं चित्र, बाकी भपका नाही. पण आत रकानेच रकाने. माणूस कुठल्या देशातून आला, किती वाजता आला, किती वेळ थांबला, कुठल्या चित्रावर दाबून कुठं गेला. एकदा आलेल्या कंप्युटरवर तो खूण करून ठेवायचा आणि तोच पुन्हा आला तर वेगळा दाखवायचा. माझा क्लासातला कंप्युटर मोजणीतून वगळायचीही सोय होती. अण्णा बराच वेळ बघत राहिले. डोळे पाणावले त्यांचे, खोटं नाही सांगत.

"ह्यो बसलेला हाय कुठंतरी," ते हळूच म्हणाले. "नाक्यावर. ह्येला मोडकं शिंग दिसतं."

खऱ्या मोजणीत मात्र पान ओस होतं. कधी अमेरिकेतून एखादा चुकून यायचा आणि दोन सेकंदांत पळायचा. पाडव्याला दीड महिना उरला, आणि एका रविवारी रकान्यात एक नवी ओळ आली. देश भारत. सकाळी नऊ. थांबला पंधरा मिनिटं. चिंचेची सावली वाचली, पेठ नाका वाचला, आणि शेवटी खुर्चीवर दाबून दुकानात गेला!

अण्णांनी मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. पण लगेच सावरले. "एकडाव चुकून वळतंय कुणीबी. परत येतोय का बघू." पुढच्या रविवारी तो परत आला. नऊ वाजता. पुढच्याही. दर वेळी पेठ नाक्यापर्यंत वाचायचा, खुर्चीवर दाबायचा, जायचा. सहा रविवार झाले. अण्णांनी त्याचं चित्रच मनात उभं केलं होतं. साधारण पन्नाशीचा, मितभाषी, पाठीचा त्रास असलेला, विचार करून खुर्ची घेणारा.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी अण्णांनी काकूंना पुरावा दाखवायला मुद्दाम बोलावलं. काकू ओल्या हातानं आल्या. नऊ वाजून दोन मिनिटांनी ओळ उमटली.

"आला!" अण्णा खुर्चीवरून उठले. "बग! बग! ह्यो परका मानूस!"

काकूंनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"किती वाजता येतोय म्हनाला ह्यो?"

"नऊ. लय वक्तशीर."

"दर ऐतवारी?"

"एक चुकवला न्हाई."

काकू आत गेल्या आणि देवाच्या तसबिरीमागचं अंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. "बाई, ह्ये खालचं वाचा जरा. कंप्युटरचं कायबाय लिवलंय म्हनून मी त्येवडं सोडून दिल्यालं."

अक्षर लेकीचं होतं. मी मोठ्यानं वाचलं. 'रविवारी फोन लावते तर एंगेज लागतो. मग मी शेजारी कंप्युटरचं दुकान निघालंय तिथं जाऊन अण्णांचं पान उघडून बसते. इंग्रजी सगळं कळत नाही, पण पेठ नाक्यापर्यंत आलं की घर जवळ आल्यासारखं वाटतं. अण्णांनी सांगितलंय म्हणून खुर्चीवर पण दाबून बघते. खुर्ची बरी आहे. मग उठून परत एकदा फोन लावून बघते आणि घरी जाते.'

पहिली मीच बोलले, कारण मी हलकं वाहन. "अण्णा, म्हणजे वळलं की माणूस तुमच्या सांगण्यावरनं! जिंकलात तुम्ही!"

आणि आश्चर्य म्हणजे काकूही माझ्याच बाजूनं उभ्या राहिल्या. नवऱ्याचं पडलेलं तोंड त्यांना बघवेना. "धरा की ओ," त्या म्हणाल्या. "लगीन लावून दिल्याली पोर. दिल्या घरची. आता ती परकीच की. धरा, मी काय म्हनत न्हाई."

अण्णांनी वही उघडली होती. पेन्सिल रकान्यावर टेकलेली. त्या घरात ज्या रेघेची तीन महिने वाट बघितली, ती मारायची तेवढी राहिली होती. त्यांनी काकूंकडे बघितलं, मग त्या पत्राकडे.

"ती परकी?" ते म्हणाले. "घरचं वाहन हाय ते. धरत न्हाईत."

वही मिटली. उठून स्वतःच्या हातानं कंप्युटरची तार उपटली आणि फोनला नेऊन लावली. मग आम्ही तिघं फोनसमोर बसलो. नऊ दहा. नऊ पंधरा. काकूंचे हात तसेच ओले. नऊ सतराला घंटा वाजली आणि अण्णांनी काकूंच्या आधी झडप घातली.

आयुष्यभराची सवय, दुसरं काय सुचणार! "कुठनं?" ते ओरडले. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. अण्णांनी नाक ओढलं. "आन कुठं?" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. शेवटी रिसीव्हरवर हात ठेवून काकूंना म्हणाले, "पाडव्याला येती म्हनं. मिरजंला उतरनार."

माझा क्लास वाचला. रविवार सोडून तार चालेल, असा काकूंनी निकाल दिला. सुभेदारांशीही त्याच संध्याकाळी बोलणं सुरू झालं. लेकीला घ्यायला स्टेशनवर कोण जाणार, यावरून भांडण काढून.

अण्णा स्टेशनवर गेलेच नाहीत. पाडव्याला पहाटे गुढी उभारली, फाटकात घडीची खुर्ची टाकली आणि मिरजेकडच्या बाजूला तोंड करून बसले. वही मांडीवर होती, पण मिटलेली, आणि पेन्सिल कानावरच राहिली. त्या सकाळी आमच्या गल्लीतून किती वाहनं गेली, हे सांगलीत कुणालाही ठाऊक नाही.